वाडीची तारीख

ये गं, अशी जवळ बस. कागदावरून जवळ कसं बसायचं म्हणशील, तर चष्मा लाव आणि कागद डोळ्यांपाशी धर, मला तेवढं पुरे. रागावणार नाही असं ठरवलं होतं, पण थोडी रागावतेच. अश्दोदहून आमच्या गावाला यायला दोन बस बदलाव्या लागतात, विमान लागत नाही. आणि परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, माझं येणं निदखा झालं गं." तुमच्या ऑफिसात बोलतात तसं, अर्धं हिब्रू अर्धं मराठी, आणि ठेवलास फोन. तुला वाटलं, आत्याला कळलं, येणं पुढे गेलं. कळलं मला. पण आमच्या घरात तो शब्द असा सहज कुणी बोलत नाही. का ते तुला ठाऊक नाही, कारण हे सगळं झालं तेव्हा तुझं लग्न होऊन तू अश्दोदला गेली होतीस, आणि फोनवर असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. आता लिहून सांगते. चहा घेऊन बस.

तू ठाण्याहून आलीस तेव्हा रशियन लोकांच्या झुंडीच्या झुंडी येत होत्या. गावाच्या एका अंगाला त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या, आठवतं? पहिल्याच संध्याकाळी तुझे आतोबा तुला म्हणाले, "चल, आपली वाडी दाखवतो." तू बिचारी लगबगीने केस विंचरून निघालीस. तुला वाटलं वाडी म्हणजे वाडी. नारळ, सुपारी, विहीर, रहाट. आणि बघतेस तर आमच्या सरकारी इमारतींच्या मागे एक कोरडा ओढा, पलीकडे पिवळ्या मातीची टेकडी, काटेरी झुडपं आणि धोंडे. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परत येऊन माझ्या कानात म्हणालीस, "आत्या, आतोबा बरे आहेत ना?"

त्यात तुझी चूक नाही, ती फजिती आधी आमचीच झाली होती. इथे कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात, मूळ अरबांचा शब्द. आम्ही पहिल्यांदा ह्या घराचं कुलूप उघडलं त्या दिवशी नव्याने आलेल्यांना घरं देणाऱ्या एजन्सीचा माणूस मागे हात करून म्हणाला, तिकडे वादी आहे. अंधार पडला होता. आम्ही रेवदंड्याच्या बाजूची माणसं. हे रात्रभर खूष, म्हणाले, सरकारने घराला लागून वाडी दिली, कोण देतं एवढं! सकाळी दार उघडून जे हसलो आम्ही. हसलो आणि मग मी थोडी रडलेपण. तेव्हापासून तिचं नाव वाडीच पडलं. मोरोक्कोची शेजारीणसुद्धा "वाडी, वाडी" म्हणायची, आपला ड काही तिला जमत नव्हता, पण म्हणायची.

त्या टेकडीवर थंडी सरता सरता एक फूल यायचं. इरूस म्हणतात. वीतभर दांडा, आणि फूल जांभळं, इतकं गडद की ढग आले तर काळं दिसावं. सगळीकडे नाही येत ते, आमच्या टेकडीच्या उतारावर मात्र यायचं. पहिल्या वर्षी मी बघितलं आणि हात लगेच पुढे गेला. मुंबईत वेणी माळल्याशिवाय मी कधी बाहेर पडले नव्हते, आणि इथे येऊन केस नुसते रिकामे. तर आमचा मुलगा, नुकता शाळेत जायला लागलेला, माझा हात धरून ओरडला, "इमा, असूर!" आई, मना आहे. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं त्याला, रानफूल तोडायचं नाही, कायदा आहे. तुझ्या आतोबांना ते फार आवडलं. ज्या देशात फुलासाठी कायदा आहे तो देश चांगला असणार, असं म्हणाले. पुढे कित्येक वर्षं हे वाक्य ते आल्यागेल्याला ऐकवत.

मग कापडाचा कारखाना बंद पडला. हे, आमच्या मजल्यावरचे दोघे, खालचा, सगळे एकदम घरी. बाकीचे पुरुष दुकानासमोर बाकावर बसून सोंगट्या खेळायला लागले. ह्यांना ते जमेना. हे सकाळी कोट चढवून वाडीत जायचे. हो, कोट. कामावर जायची वेळ झाली की अंगाला सवय होती. तिथे जाऊन कुठे कोंब आला, कुठे पोरांची सायकल गेली, सगळं बघायचे, इरूसच्या बेटांभोवती धोंडे रचून ठेवायचे. दुपारी घरी आल्यावर मला सगळा रिपोर्ट. मी कांदा चिरता चिरता हूं हूं करायची. एखाद्याचं काम गेलं तर तो माणूस कसा कोसळतो, ते ह्या गावात मी दाराआड बघितलं आहे. हे कोसळले नाहीत ते त्या टेकडीमुळे. म्हणून पुढचं सगळं सांगते आहे, नुसतं फुलासाठी नाही.

एक दिवस हे धावत वर आले. जिन्यात दम लागला होता. म्हणाले, चष्मा दे, आणि पोराला फोन कर. नाक्यावरच्या फळ्यावर नगरपालिकेचा कागद लागला होता. टेकडीवर नवीन वस्ती होणार, वाडीतून रस्ता जाणार. मला वाटलं, आता ह्यांना धक्का बसला. पण चेहरा बघते तर उलटाच. कारण कागदाच्या खाली लिहिलं होतं की ज्या कोणाला ह्या आराखड्याबद्दल तक्रार असेल त्याने हरकत नोंदवावी, कमिटी ऐकून घेईल.

"आपल्याला विचारतायत गं," म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला विचारतंय."

खरंच होतं ते. हे घर आम्हाला विचारून दिलं नव्हतं, गाव विचारून दिलं नव्हतं, बंदरावरून ट्रकमध्ये बसवलं आणि इथे उतरवलं. कारखानाही विचारून बंद केला नाही. म्हणून त्या एका ओळीवर ह्यांनी किती भरवसा टाकला, काय सांगू.

आता मुंबईत ह्यांना अर्ज लिहायची सवय. रेल्वेच्या वर्कशॉपात होते तेव्हा पंख्यापासून पाण्याच्या नळापर्यंत सगळ्याचे अर्ज हेच लिहायचे. 'नम्र विनंती', 'आपला आज्ञाधारक', ते सगळं. तसंच लिहिलं, आणि मुलाला म्हणाले, हिब्रू कर. मुलगा बीरशेबाहून शनिवारच्या शब्बाथला आला होता. त्याने वाचून कपाळाला हात लावला. तो हिब्रूत बोलतो आणि हे मराठीत, तुला माहीतच आहे, दोघांना दोघांचं कळतं. तो म्हणाला, आबा, असं लिहिलंत तर त्यांना वाटेल तुम्ही माफी मागताय. त्याने 'नम्र' काढलं, 'विनंती' काढली, 'कृपावंत' तर हिब्रूत बसेचना. सगळं काढून झाल्यावर अर्ज एवढासा उरला. वर मुलगा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला की तिथे वस्ती झाली तर आपल्या घराची किंमत वाढेल, आबांना सांग. मी सांगितलं नाही.

सह्या घ्यायला आम्ही दोघं दारोदार फिरलो. ह्या जिन्यात चहा, त्या जिन्यात खजूर. सह्या दिल्या लोकांनी. काहींनी वाडीसाठी दिल्या, काहींनी चहासाठी, एका रशियन म्हाताऱ्याने कशासाठी दिली ते त्यालाही कळलं नसेल, पण त्याचं अक्षर सुरेख होतं. मोरोक्कोच्या शेजारणीने सही केली आणि ह्यांना म्हणाली, "तिथे जाऊन टेबल बडव. मी येते, मी बडवते. तुम्ही हिंदी लोक भिंतीला धडकलात तरी भिंतीला सॉरी म्हणता."

हे हसले. पण मीटिंगच्या दिवशी तिला नेलं नाही. टेबल बडवलं असतं तिने.

मीटिंगला ह्यांनी कोट घातला, वर टाय. जूनचा उन्हाळा. आत जाऊन बघतो तर कमिटीतले लोक उघड्या गळ्याच्या शर्टात, एकाच्या पायात सँडल. एक जण सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. भिंतीवर नकाशा लावला होता, त्यात आमची टेकडी नारिंगी रंगाची. एक बाई उठून समजावायला लागली की इथे बंगले होतील, बाग होईल, आणि बीरशेबाकडून, देशाच्या मध्य भागातून लोक राहायला येतील. गावाला मजबूत लोकसंख्या पाहिजे, असं म्हणाली. हाच शब्द, मजबूत. ती वाईट बाई नव्हती, सगळे तसंच बोलतात इथे. मजबूत म्हणजे पैसेवाले, शिकलेले. ह्यांनी माझ्याकडे वाकून मराठीत हळूच विचारलं, "मग आपण कोण गं? लेचेपेचे?"

ह्यांचा नंबर आला. उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, "माननीय अध्यक्षमहाशय" अशी सुरुवात केली. कुणाचा तरी फोन वाजला. हे थांबले, फोन संपेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आमच्या दोघांखेरीज थांबलेलं कुणी नव्हतं. ह्यांनी सांगितलं की त्या उतारावर इरूस येतो, दुसरीकडे सहज मिळत नाही, निदान तेवढा उतार सोडा, रस्ता खालून वळवा. चांगलं सांगितलं. हिब्रू मोडकी होती पण गोष्ट सरळ होती.

बिया फोडणारा म्हणाला, "कुठे आहे ते फूल? दाखवा बघू."

हे म्हणाले, "आणलं नाही. तोडायला मना आहे."

सगळी खोली हसली. हेही हसले थोडे, त्यांना वाटलं आपण काही तरी गंमत केली. मी मात्र हसले नाही. कायदा पाळला म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून फूल नाही.

मग वाट बघणं. सुक्कोथचा सण गेला तरी काही कळेना, तेव्हा आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. खिडकीपलीकडे एक मुलगी, कानाला फोन, नखं रंगवलेली. ह्यांनी विचारलं, आमच्या हरकतीचं काय झालं? तिने यंत्रावर बघितलं आणि म्हणाली, "निदखेता."

आता इथे नीट लक्ष दे. आम्हाला हिब्रू कुठे शिकवली? सुरुवातीला थोडे दिवस वर्गात, आणि बाकी सगळं कुपात खोलीमात, म्हणजे आमच्या दवाखान्यात. तिथे आमचं अर्धं आयुष्य गेलं, माझे गुडघे, ह्यांचं प्रेशर. तिथे खिडकीतली बाई म्हणते, तुझा नंबर निदखा, म्हणजे आज डॉक्टर नाही, पुढची तारीख मिळेल. गुडघ्याचं ऑपरेशन निदखा. डोळ्यांचा डॉक्टर निदखा. निदखा म्हणजे पुढे ढकललं, हे आम्हाला आमच्या नावाइतकं पक्कं ठाऊक. हरकत बाईमाणूस, म्हणून निदखेता. ह्यांनी विचारलं, मग तारीख? ती म्हणाली, पोस्टाने येईल सगळं, आणि फोनवर बोलायला लागली.

बाहेर आल्यावर हे इतके खूष. म्हणाले, बघ, पुढे ढकललं, म्हणजे विचार करतायत. नाही म्हणायचं असतं तर सरळ नाही म्हणाले असते. मलाही तसंच वाटलं. वाटेत पोहे घेतले, नारळ घेतला, शनिवार संपल्यावर घरी मलिदा केला, एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडलं, आपल्याकडे नवस बोलतात तसं. शेजाऱ्यांना प्रसाद वाटला. मोरोक्कोची शेजारीण खाऊन म्हणाली, गोड आहे, कशाबद्दल? ह्यांनी सांगितलं, वाडीबद्दल. कमिटी पुन्हा ऐकणार आहे. तिने बोटं चाटली आणि म्हणाली, चला, ह्या देशात एकदा तरी. खिडकीतला शब्द काय होता, ते तिने विचारलं नाही. कशाला विचारेल?

त्या हिवाळ्यात ह्यांनी काय तयारी केली! मुलाकडून कॅमेरा मागून घेतला, कोंब आल्यापासून फोटो काढले, फूल न तोडता दाखवायचं म्हणून. पुढच्या मीटिंगला तो बियावाला विचारेल, आणि हे फोटो पुढे करतील. मला आरशासारखं समोर उभं करून बोलायची प्रॅक्टिस. "माननीय" काढून टाकलं होतं. टेबल कसं बडवायचं तेसुद्धा एकदा करून बघितलं, चहा सांडला. पोस्टाने काही तरी आलंही असेल, नगरपालिकेचे कागद किती येतात, पाण्याचे, कचऱ्याचे. आम्ही तारीख शोधत होतो, आणि तारीख कशातच नव्हती.

त्या वर्षी इरूस चांगला आला होता. फूल सुकून गेल्यावर, पेसाखचा सण झाल्यानंतर, सकाळी घरं थरथरली. गॅलरीतून बघितलं तर पिवळी यंत्रं. हे कोट चढवून, फोटोंचं पाकीट घेऊन खाली उतरले. मी मागून, घरच्या चपलांवर.

हे यंत्राच्या पुढे जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. हात वर केला, बस थांबवावी तसा. मुकादम आला, डोक्यावर टोपी, चांगला पोराबाळांचा माणूस वाटत होता. हे त्याला म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालाय. हे काम आत्ता नाही करायचं. निदखेता."

मुकादम म्हणाला, "काय निदखेता?"

"आमची हरकत. नगरपालिकेत सांगितलंय. तारीख यायची आहे."

त्याने ह्यांच्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आजोबा, हरकत निदखेता, म्हणजे फेटाळली. घेतली नाही. खलास." आणि हाताने झाडून टाकल्यासारखं केलं. "तारीख कसली? घरी जा, आजोबा, इथे धूळ आहे."

एकच शब्द गं. पुढे ढकललं त्याला तोच, फेटाळलं त्याला तोच. ज्यांची भाषा आहे त्यांना कळतं कुठला कधी. दवाखान्यात माणसाला फेटाळत नाहीत, म्हणून आम्हाला दुसरा अर्थ कधी भेटलाच नव्हता.

हे तिथेच उभे. मुकादमाने ड्रायव्हरला खूण केली, यंत्र जरा बाजूने वळलं, ह्यांना सांभाळून, आणि उतारावर चढलं. ह्यांनी रचलेले धोंडे सगळ्यात आधी गेले. मी दंडाला धरून घरी आणलं.

संध्याकाळी शेजारीण आली. तिने ऐकलं, डोक्यावर हात मारला, म्हणाली, मला विचारायचं होतं, मला का नाही विचारलं. वर अपील करायची मुदत असते, ती कधीच संपली होती. मुलगा फोनवर म्हणाला की कळलं असतं तरी काही झालं नसतं, नारिंगी रंग दिला म्हणजे दिला, हे ऐकणं वगैरे कागदापुरतं असतं. त्याने आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं. ह्यांना तेच जास्त लागलं. चूक आपली असती तर चाललं असतं. पण मग त्या दिवशी विचारलं कशाला होतं?

आता तिकडे बंगले आहेत. लाल कौलं. रस्त्यांना फुलांची नावं दिली आहेत, वाडीतून जातो त्या रस्त्याचं नाव इरूस. पाटी आहे, जांभळी. बाग पण केली, हिरवळ, वर पाण्याचे फवारे, ह्या वाळवंटात. ते मजबूत लोक काही वाईट नाहीत, एक डॉक्टरीणबाई तर मला नेहमी बसथांब्यापर्यंत गाडीतून सोडते. काही बंगले रिकामेच आहेत, मजबूत लोक तितके आले नाहीत. निसर्गवाले कुणी येऊन थोडे कंद उकरून घेऊन गेले म्हणतात, दुसरीकडे लावायला. कुठे लावले, लागले का, कुणाला माहीत नाही. उकरून दुसरीकडे लावणं किती लागतं, ते आम्हाला विचारावं.

हे त्यानंतर गॅलरीत बसले नाहीत. खुर्ची आत आणली, भिंतीकडे तोंड करून. आणि आता गेल्या दोन हिवाळ्यांपासून विसरतात. तुला फोनवर म्हणाले होते मी, थोडं विसरतात. थोडं नाही. सकाळी कोट मागतात. कोट घालून खुर्चीत बसतात आणि मला विचारतात, "तारीख आली का गं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ताटली पुसत होते. काय सांगणार? मग मी म्हटलं, "निदखा."

"बरं झालं," म्हणाले. "तयारीला वेळ मिळाला."

तेव्हापासून रोज तसंच. ते एक अर्थ ऐकतात, मी दुसरा बोलते, आणि दोघांना पुरतं. मुलगा म्हणतो, इमा, खोटं का बोलतेस? मी म्हटलं, ह्यात खोटं काय आहे, सांग.

परवा तुझा फोन आला तेव्हा ते शेजारीच होते. कोण म्हणून विचारलं. मी तुझं सांगितलं. माझं नाव कधी कधी चुकतात, पण तू लगेच आठवलीस. म्हणाले, ती ठाण्याची पोर, वाडी बघून तोंड वाकडं केलेली. त्या वेळी मोसम नव्हता, तिला फूल दाखवायचं राहिलंय, तिला म्हणावं थंडी सरता सरता ये. मी म्हटलं, येणार होती, पण निदखा. आणि बोलून गेल्यावर मलाच कळेना की मी तुझ्याबद्दल कुठला अर्थ सांगितला.

म्हणून एवढं लिहिलं. फूल नाहीये दाखवायला, ते आधीच सांगते, तुला फसवून बोलावत नाही. तू नुसती येऊन त्यांच्या खुर्चीशी बस, ते सांगतील कुठल्या धोंड्याआड पहिलं फूल येतं, आणि तू हो हो म्हण. बीरशेबाला बस बदलताना मागच्या फलाटावर ये, पुढचा बंद केलाय. गुरुवारी आलीस तर शब्बाथ धरून राहता येईल, मी तुझ्यासाठी चिकाचा हलवा करून ठेवते. हा हिवाळा सरायच्या आत ये गं. लवकर ये.